साय की कापूस

६ ऑक्टोबर, सोमवार

ही डायरी सूनबाईने दिली. ज्या शिवणाच्या दुकानात ती इतकी वर्षं मान मोडून बसली, तिथून कायमची निघताना मालकिणीने हातावर ठेवलेली हीच काय ती बक्षिसी. ती मला देत म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतीशी बोलत असता, त्यापेक्षा लिहीत जा." मी म्हटलं, भिंत बरी, ती मध्येच बोलत नाही. हसली, पण डायरी ठेवूनच गेली.

लिहायला विषयही आयता मिळालाय. दारालगतची छोटी खोली, जिथे माझे ब्रश, डबे आणि जुन्या पाट्यांचा संसार होता, ती कालच रिकामी केली. सूनबाई तिथे स्वतःचं शिवणकाम सुरू करणार आहे. मशीन आलंय, उभा आरसा आलाय, कापायचं टेबल सुताराकडे आहे. राहिला तो रंग. आणि रंगाची गोष्ट निघाली की या घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं कारण नाही. माझा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. लोक मला अजून पेंटर म्हणूनच हाक मारतात, खरं नाव विचारलं तर शेजारीही डोकं खाजवतील. पुढे छापील फलक आले आणि ब्रशाला कुणी विचारेनासं झालं. हातही आता जरा कापतो. पण डोळा शाबूत आहे. पडद्याचं कापड घ्यायचं असो की दोरा जुळवायचा असो, "बाबांना दाखवा" असंच घरात म्हणतात. तेवढं चालू आहे तोवर मी इथे नुसता खायला काळ नाही. हे कुणाला बोलून दाखवायचं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

डायरीच्या ओळी फारच फिक्या छापल्यात. शाईतसुद्धा काटकसर.

८ ऑक्टोबर, बुधवार

सूनबाईला भिंती पांढऱ्या हव्यात. "पांढरा म्हणजे कोणता?" असं मी विचारलं, तर आमचे चिरंजीव ताटावरून म्हणाले, "पांढरा म्हणजे पांढरा. त्यात काय विचारायचं?" हा माणूस पेंटरच्या पोटी आला यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बस चालवतो, सिग्नलचे तीन रंग ओळखतो, बाकी सगळा आनंद. स्वतःच्या लग्नात एका पायात तपकिरी आणि एका पायात करडा मोजा घालून उभा होता.

सूनबाईने मला नीट सांगितलं. गिऱ्हाईक कापड अंगाला लावून आरशात बघतं. भिंतीत पिवळेपणा असला की कापडाचा रंगही खोटा दिसतो. जुन्या दुकानात भिंती पिवळट होत्या. बायका कापड घरी नेऊन उजेडात बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायच्या. बोलणी मालकिणीला नाही, हिला बसायची. "माझ्या खोलीत कापड खरं दिसायला हवं, बाबा. एवढं एक झालं की बाकी मी बघते," ती म्हणाली.

ती हातची नोकरी सोडून बसली आहे. म्हणजे ही भिंत काही गंमत नाही. मी म्हटलं, भिंत माझ्यावर सोड.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रंगवाल्याकडे गेलो. तो माझ्याच वयाचा. मी पाट्या लिहायला लागलो तेव्हा हा बापाच्या दुकानात डबे ढवळायचा. आता मुलगा दुकान बघतो आणि हा खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतो. रंगांचा तक्ता पुढे टाकला. अक्षरं मुंगीएवढी. मी म्हटलं, हे वाचायला मुंगीच आणायला हवी. शेवटी त्यानेच वाचून दाखवलं. पांढऱ्यात दोन चांगले आहेत: एक 'साय', एक 'कापूस'. नावं झकास आहेत. सायीत किंचित पिवळी झाक, कापूस अगदी स्वच्छ. दोन्हींचे नमुन्याचे छोटे डबे घेतले आणि आल्या आल्या खिडकीसमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवले. वाळले की कळेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

वाळले. दोन्ही एकच आहेत.

लबाडी आहे. रंगवाल्याच्या पोराने दोन्ही डब्यांत सायच ओतलीय आणि वर चिठ्ठ्या वेगळ्या चिकटवल्यात. जवळून बघितलं, लांबून बघितलं, खिडकी उघडून, खिडकी लावून. रेसभर फरक नाही. सूनबाईला बोलावलं. ती म्हणाली, "डावी साय आहे ना? जरा पिवळी मारतेय. उजवा छान आहे." हिने डब्यावरची नावं वाचली असणार. म्हणून चिरंजीवांना बोलावलं. त्याला नावं ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी उपयोग नव्हता. तो दारातूनच म्हणाला, "डावीकडचा पिवळट आहे."

ज्याला आयुष्यात निळा शर्ट हिरव्यापासून ओळखता आला नाही, तो मला पांढऱ्यातला पिवळा दाखवतोय. दोघांचं आधी बोलणं झालं असणार. म्हाताऱ्याची थट्टा करायची लहर येते कधी कधी माणसांना. मीही मग "हो, डावा पिवळट" असं म्हणून टाकलं. उगाच वाद कशाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळचं फिरणं बंद केलं. हल्ली गाड्यांचे दिवे समोरच्याला आंधळं करायलाच बनवतात. प्रत्येक दिव्याभोवती एवढं मोठं कडं. बसचे आकडेही कुणी लिहिलेत देव जाणे, तीनचा आठ दिसतो. काल भलत्याच बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. घरी सांगितलं, मुद्दाम लांब फेरी मारली, हवा छान होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चिरंजीवांच्या कामावरच्या काळ्या पँटची शिलाई उसवली होती. सूनबाईने हाक मारली, "बाबा, काळा दोरा काढून देता?" दिला. दुपारी बघतो तर घातलेली शिलाई ती पुन्हा उसवत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "टाका सैल पडला होता." हिचा टाका कधी सैल पडत नाही. नव्या कामाची धास्ती घेतलीय पोरीने, दुसरं काय. धीर द्यायला हवा.

२० ऑक्टोबर, सोमवार

ठरलं, कापूस. मोठा डबा आणायला मीच गेलो. रंगवाला जेवायला गेला होता, पोराला तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं आणि डबा खांद्यावर टाकून आणला. मी झाकण उघडलं. सूनबाईने त्यावरची चिठ्ठी वाचली. "बाबा, ही साय आहे."

माझं डोकं फिरलं. तसाच परत गेलो. तोवर रंगवाला येऊन बसला होता. भर दुकानात त्याला म्हटलं, तुझा बाप असता तर असा माल दिला नसता. आधी दोन डब्यांत एकच रंग, आता मागितला एक आणि दिला दुसरा. पोरगा म्हणायला लागला, "काका, तुम्ही बोट तर सायीवरच ठेव..." तेवढ्यात रंगवाल्याने त्याला हाताने गप्प केलं. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "असेल बाबा, चूक झाली असेल. हा घे कापूस. तो डबाही राहू दे तुझ्याकडे, उघडलायस ना."

सगळ्या जन्मात या माणसाने कधी माघार घेतली नव्हती. चहा पीत असताना विचारतो कसा, "पेंटर, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतास?" मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

तरी जिंकलो ते जिंकलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सूनबाईने जेवताना डोळे तपासण्याचा विषय काढला. सहज काढल्यासारखा काढला, म्हणजे सहज नव्हता. रंगवाल्याने फोन केला असणार. मी म्हटलं, माझे डोळे तपासायला आधी डॉक्टरला डोळे हवेत. चिरंजीव हसले, ती हसली नाही. "एकदा दाखवायला काय हरकत आहे, बाबा?" मी ताटावरून उठलो.

आता हेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. हातातला ब्रश गेला तेव्हा मी मान खाली घातली. चिरंजीवांची आई गेली तेव्हाही कसाबसा उभा राहिलो. पण डोळ्यांबद्दल कुणी बोललं की मी उठून जातो. का जातो, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रंगकाम सुरू. मजूर लावायचा नाही, असं मी ठणकावून सांगितलं. शिडीवर चढायचं काम चिरंजीव सुट्टीच्या दिवशी करून गेले, म्हणजे छताजवळची वरची पट्टी आणि बाजूच्या भिंती. खिडकीसमोरची मोठी भिंत, जिच्यावर गिऱ्हाईक कापड बघणार, ती मी माझ्यासाठी ठेवली.

माझी पद्धत जुनी आहे. विकतच्या डब्यातून मी कधी रंगवत नाही. डबा उघडला की रंग आपल्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत ओतायचा आणि चिठ्ठी फाडून टाकायची. उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पेंटरने कागद वाचायचा नसतो, रंग बघायचा असतो. आज दोन्ही मोठे डबे तसेच ओतून घेतले, साय पुढे कधी बाहेरच्या खोलीला होईल. कापूस खिडकीच्या बाजूला ठेवला, साय दाराच्या बाजूला. सकाळी अर्धी भिंत झाली. जेवून, जरा पडून, पुन्हा लागलो. मध्ये सूनबाईने झाडताना डबे सरकवले होते, पण मला डबे सांगायला लागत नाहीत. संध्याकाळपर्यंत भिंत पुरी.

फार बरं वाटलं. किती दिवसांनी हाताला वळण आलं. मी शिट्टी वाजवत होतो म्हणे, मला कळलंही नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भिंत वाळली. एकसारखी, स्वच्छ, डोळ्याला गार. सूनबाईला दाखवायला नेलं. ती दारात बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "छान झालीय, बाबा." आवाज बसला होता, सर्दी झाली असावी. चिरंजीव मागून आले आणि "अरे, पण ही मध्येच..." एवढं बोलून कळवळले. सूनबाईचा पाय चुकून त्यांच्या पायावर पडला होता. मग तेही म्हणाले, "छान आहे."

या घरात रंगाची कदर एकदाची कळायला लागली म्हणायची.

३ नोव्हेंबर, सोमवार

टेबल आलं, मशीन लागलं, खोली चालू झाली. दोन दिवसांत एक शेजारीण फक्त, तीही उशांच्या खोळी घेऊन. सूनबाई हसतमुख असते पण टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडे ठेवत राहते. दोऱ्याच्या रिळांवर तिने मोठमोठ्या अक्षरांत रंगांची नावं लिहून चिकटवलीत. मी म्हटलं, हे कशाला, मी आहे ना. म्हणाली, "मलाच घाईत चुकतं." हल्ली दोरा काढून द्यायला मला हाक मारत नाही. रिळं आता स्वतःच बोलतात, मग माझी काय गरज.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिलं खरं गिऱ्हाईक. दवाखान्यातल्या मेट्रनबाई, निवृत्त झाल्यात, भाचीच्या लग्नासाठी पोशाख शिवायचाय. आवाज असा की वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत जावा. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

"हे बरं केलंस गं, भिंत दोन रंगांत. नवीन पद्धत आहे का?"

सूनबाईने कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हो, मुद्दामच केलीय. इकडे कापड धरलं की दिवसा कसं दिसेल ते कळतं, आणि तिकडे धरलं की रात्री दिव्याखाली कसं दिसेल ते."

मेट्रनबाईंना ते फारच पटलं. एकदा इकडे, एकदा तिकडे करत राहिल्या आणि जाताना सांगून गेल्या की आणखी दोन मैत्रिणींना पाठवते. बिचाऱ्या. सरळ एकरंगी भिंतीत त्यांना दोन रंग दिसतात. जन्मभर दुसऱ्यांची सेवा केली, स्वतःच्या डोळ्यांकडे कोण बघणार. सूनबाईने मात्र प्रसंग छान सांभाळला. गिऱ्हाइकाला चूक म्हणायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा तिला कुणी शिकवायला नको.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहू की नको, असं चाललंय.

काम वाढतंय, म्हणून दारावर पाटी हवी. मी गुपचूप एक फळी तासून घेतली, तिला पांढरा हात दिला. अक्षरांआधी रेघ मारायची असते. निळ्या खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणायची आणि मध्ये धरून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. हे काम मी डोळे मिटूनही केलं असतं. टिचकी मारली, रेघ नाही. पुन्हा पूड लावली, टिचकी मारली, नाही. दोरी बदलली. नाही. वाटलं, खडूच वाईट निघाला, हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही.

मग फळीवरून बोट फिरवलं, तर बोटाला पूड लागली. जरा वर फिरवलं, तिथेही लागली. खालीही.

रेघा होत्या. सगळ्या टिचक्यांच्या सगळ्या रेघा फळीवर होत्या. मला दिसत नव्हत्या.

फळी पुसून टाकली आणि तिथेच बसून राहिलो. मग एकेक करून सगळं आठवत गेलं. बसचे आकडे, दिव्यांभोवतीची कडी, डायरीतल्या ओळी, रंगवाल्याची ती नजर. काळ्या पँटला दिलेला दोरा. मी काही मूर्ख नाही. मला बघायचं नव्हतं एवढंच. आंधळा पेंटर म्हणजे काय, हे मला बघायचं नव्हतं. भीती वाटतेय. इथे लिहितो, खूप भीती वाटतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सूनबाई मशीनवर बसली होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "अगं, ते डोळ्यांचं म्हणत होतीस. तुला कधी वेळ झाला तर..."

मला वाटलं होतं आता "मी सांगत नव्हते का" असं ऐकावं लागेल. तिने फक्त पाय मशीनवरून काढला. "येत्या मंगळवारी जाऊ. वेळ घेतलेली आहे."

"कधी घेतलीस?"

"मागेच. दर मंगळवारची घेते, तुम्ही नाही म्हणालात की पुढच्या मंगळवारची घेते. तिथली मुलगी आता मला आवाजावरून ओळखते."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई सूनबाईच्याच वयाच्या. कपाळ यंत्राला टेकवायला लावलं, दिवा डोळ्यात मारला, एवढ्यात झालंसुद्धा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. मला जी भीती होती ती त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. "आजोबा, डोळा आतून ठणठणीत आहे, पुढची काच तेवढी पिवळी पडलीय. ती बदलू. आधी एक, मग महिन्याने दुसरी."

मी विचारलं, "रंग दिसतील?" त्या म्हणाल्या, "काय काम करायचात?" सांगितलं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला तर मजाच येणार आहे."

रिक्षात बसल्यावर सूनबाईने माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

उजवा डोळा झाला. दुखलं नाही. वर पट्टी आहे. लिहू नका म्हणालेत, म्हणून एवढंच.

५ डिसेंबर, शुक्रवार

पट्टी काढली. पहिली दिसली ती सूनबाई. तिच्या कानाजवळ केस पिकलेत. केव्हा पिकले? डोळ्यांखाली काळं आलंय. तिच्या अंगावरचा कुर्ता मी इतके दिवस राखाडी समजत होतो, तो निळा आहे, आणि असा निळा की बघत राहावं. दवाखान्याच्या चादरी इतक्या पांढऱ्या की त्यांना निळसर झाक. मी सगळ्यांना विचारत सुटलो, हे असंच असतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं.

घरी आलो. चप्पल काढली आणि खोलीत डोकावलो.

भिंत दोन रंगांत आहे.

डावीकडे साय, उजवीकडे कापूस. आणि मध्ये जोड असा वेडावाकडा की पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरालाही उस्तादांनी घरी पाठवला असता. नवा डोळा झाकून जुन्याने बघितलं, भिंत एकरंगी, शांत. जुना झाकला, पुन्हा दोन रंग. किती वेळ मी असा डोळे उघडझाप करत उभा होतो कोण जाणे. मग एकेक उलगडलं. सर्दी झाली नव्हती. पाय चुकून पडला नव्हता. मेट्रनबाईंची नजर उत्तम आहे.

सूनबाई मागे उभी होती. मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डोळे दाखवले असते का? पुन्हा रंगवाल्याची मानगूट धरली असती."

हे खरं आहे. मग ती हळू म्हणाली, "आणि तुम्ही शिट्टी वाजवत होतात. आई गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती. म्हटलं, भिंतीचं काय, भिंत पुन्हा रंगवता येते."

तिला एकच गोष्ट हवी होती, खरी भिंत. ती मी बिघडवली, आणि तिने ती तशीच ठेवून, तिच्यासमोर उभं राहून, माझ्यासाठी गिऱ्हाइकाला गोष्ट रचून सांगितली. मला रडू आलं. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं बजावलंय, म्हणून ती घाईने थेंबांची बाटली शोधायला लागली. मी म्हटलं, हे डाव्यातून येतंय, चालतं.

९ डिसेंबर, मंगळवार

रंगवाल्याकडे गेलो. भर दुकानात ओरडलो होतो, तेव्हा भर दुकानातच म्हटलं, "चूक माझी होती." तो म्हणाला, "माहीत होतं. माझे दोन्ही मागच्या वर्षी झाले. त्याआधी मी आमच्या पोराला पिवळ्या रंगावरून मारायला धावलो होतो." पोरगा मागून म्हणाला, "खरंच धावले होते." चहा झाला. यावेळी तक्ता मी वाचला. अक्षरं तशी काही फार बारीक नाहीत.

येताना कापसाचा एक डबा घेतला, भिंत पुरती झाकायला. घरी येऊन सांगितलं तर सूनबाई आडवी आली. म्हणे, भिंत अशीच राहणार. मेट्रनबाईंच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या मैत्रिणी आल्या, सगळ्या आल्या आल्या कापड आधी कापसावर धरतात, मग सायीवर. कुणीही परत येऊन रंगावरून भांडलेलं नाही. "मी तेव्हा सुचलं ते बोलून गेले, बाबा. पण ते खरंच निघालं. आता ही भिंत बदललीत तर मी गिऱ्हाइकांना काय सांगू?"

ती माझं मन राखायला बोलतेय का, हे मी नव्या डोळ्याने नीट निरखून बघितलं. नव्हती.

२१ डिसेंबर, रविवार

डॉक्टरीणबाईंनी हलक्या कामाला परवानगी दिली. मी सूनबाईला म्हटलं, दोन रंग राहू देत, पण तो जोड मला जेवू देत नाही. चूक असली तरी तिची कड सरळ हवी.

चिरंजीवांना सुट्टी होती. त्यांना शिडीवर चढवून दोरीचं वरचं टोक दिलं, खालचं मी धरलं. ते वरून विचारतात, "पांढऱ्याला पांढरा लागलाय, मध्ये रेघ कशाला हवी?" मी म्हटलं, तू फक्त धर. दोरी ताणली, मध्ये चिमटीत पकडली आणि सोडली.

रेघ उमटली. बारीक, निळी, वरपासून खालपर्यंत. उमटलीय का म्हणून मी बोट फिरवायलाही गेलो नाही.

मग हाताखाली काठी घेऊन, लांब केसांचा ब्रश घेऊन बसलो. हात अजून कापतो, पण काठीवर टेकवला की ऐकतो. इकडून साय, तिकडून कापूस, रेघेला चिकटून. दुपारपर्यंत कड अशी झाली की कात्रीने कापलेली वाटावी. आता कुणी म्हटलं की मुद्दाम केलीय, तर ते खरं आहे. पाटीची फळीही पुन्हा घासून ठेवली. ती दुसरा डोळा झाल्यावर.

सूनबाई मागे मशीन चालवत होती. मध्येच मशीन थांबलं. मान वर न करता तिने मागे हात केला. हातात दोन रिळं होती, आणि त्यांच्यावरच्या मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या काढलेल्या होत्या.

"बाबा, यातला काळा कोणता, बघून द्या जरा."

मी रिळं खिडकीशी नेली आणि जुना डोळा झाकला. एक गडद निळं होतं. दुसरं तिच्या हातावर ठेवलं. तिने ते बघितलंही नाही, सरळ मशीनला लावलं आणि शिवायला लागली.